अंधारात बटण बरोबर कसं सापडतं? डोक्यातल्या नकाशाची गोष्ट

रात्री मधेच जाग आली आणि पाणी प्यायला उठलो की आपण बऱ्याचदा दिवा लावतच नाही. पलंगाला वळसा घालायचा, चारपाच पावलं टाकायची, दाराची चौकट हाताला लागते, तिथून डावीकडे वळायचं आणि मग हात वर जातो तो जवळपास बटणावरच. बोटं जरा इकडेतिकडे चाचपतात, एवढंच. डोळ्यांना काही म्हणजे काही दिसत नसताना हे जमतं, म्हणजे आपण आत्ता कुठे आहोत ह्याचा हिशोब डोक्यात कुठेतरी आपोआप चालू असतो. हा हिशोब मेंदू कसा ठेवतो हे गेल्या पन्नासेक वर्षांत बरंच कळलंय, आणि मला त्यातलं सगळ्यात भारी काय वाटतं तर मेंदूच्या ज्या भागात हा नकाशा असतो त्याच भागात आपल्या आठवणीही तयार होतात. हा योगायोग नाहीये. का नाही, तेच सांगायचंय.

आधी लोकांना वाटायचं की उंदीर भूलभुलैयात रस्ता शिकतो म्हणजे इथे डावीकडे, मग उजवीकडे, मग सरळ, अशी वळणांची माळ पाठ करतो, बाकी त्याच्या डोक्यात काही नसतं. अमेरिकेत बर्कलीला एडवर्ड टोलमन नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, त्यांना हे पटत नव्हतं. त्यांनी उंदरांना एका वळणावळणाच्या रस्त्याने खाण्यापर्यंत जायला शिकवलं आणि मग तो रस्ता बंद करून सूर्याच्या किरणांसारखे बाहेर जाणारे १८ नवे रस्ते समोर ठेवले. नुसती वळणं पाठ असती तर उंदरांनी बंद रस्त्याच्या शेजारचा रस्ता धरला असता, पण सगळ्यात जास्त उंदीर गेले ते सरळ खाण्याच्या जागेकडे जाणाऱ्या रस्त्याने, ज्याच्यावर त्यांनी कधी पाऊलही टाकलं नव्हतं. (नंतर ह्या प्रयोगावर टीका झाली, कारण त्या बाजूला एक दिवा लावलेला होता आणि उंदीर दिव्याकडे बघून गेले असतील असं लोक म्हणाले, आणि ती शंका रास्तच आहे.) पण टोलमननी १९४८ च्या लेखात जो शब्द वापरला, कॉग्निटिव्ह मॅप, म्हणजे मनातला नकाशा, तो टिकला. फक्त हा नकाशा मेंदूत आहे कुठे ते दाखवायला तेव्हा कोणाकडे काही नव्हतं.

ते दिसलं १९७१ मध्ये. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये जॉन ओकीफ आणि त्यांचे विद्यार्थी जोनाथन डोस्ट्रोव्स्की ह्यांनी उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये बारीक तारा बसवल्या. हिप्पोकॅम्पस म्हणजे साधारण कानाच्या पातळीवर, मेंदूच्या आत दोन्ही बाजूंना असलेला एकेक वळलेला भाग, दिसायला समुद्रघोड्यासारखा, म्हणून त्याला हे ग्रीक नाव. अशा तारांमधून एकेका पेशीचा विजेचा ठोका ऐकता येतो, स्पीकरला जोडलं तर तडतड असा आवाज येतो. आता डोळ्यासमोर आणा, उंदीर मोकळा फिरतोय आणि स्पीकर गप्प आहे. एका विशिष्ट जागी आला की तडतड सुरू. चार पावलं पुढे गेला की परत गप्प. पुन्हा त्याच जागी आला, मग कुठल्याही बाजूने येऊ दे, परत तडतड. ही पेशी वासाला, आवाजाला किंवा भुकेला उत्तर देत नव्हती, ती म्हणत होती 'मी इथे आहे'. शेजारच्या पेशीची जागा वेगळी, तिच्या शेजारचीची आणखी वेगळी. ह्यांना नाव पडलं प्लेस सेल, आपण जागेच्या पेशी म्हणू.

इथे एक गैरसमज लगेच होतो, माझाही बरेच दिवस होता. नकाशा म्हटलं की आपल्याला वाटतं मेंदूत कागदासारखं काहीतरी पसरलंय आणि दाराजवळची पेशी दाराजवळ, खिडकीची खिडकीजवळ. तसं अजिबात नाही. मेंदूत शेजारी बसलेल्या दोन पेशींच्या जागा खोलीच्या दोन टोकांना असू शकतात. आणि उंदराला दुसऱ्या खोलीत नेलं की सगळे पत्ते पिसल्यासारखे होतात, काही पेशी गप्प होतात, काहींची जागा कुठल्या कुठे जाते, काही ज्या आधी झोपलेल्या होत्या त्या जाग्या होतात. म्हणजे पेशी त्याच, पण प्रत्येक खोलीसाठी त्यांची जुळणी वेगळी. पहिल्या खोलीत परत आणलं की पहिली जुळणी परत हजर! ही गोष्ट लक्षात ठेवा, आठवणींकडे आलो की हीच कामाला येणार आहे.

पण नुसतं 'मी इथे आहे' कळून रस्ता सापडत नाही, तोंड कुठे आहे तेही कळायला लागतं. ह्याच्यासाठी वेगळ्या पेशी आहेत, १९८४ मध्ये न्यूयॉर्कला जेम्स रँक ह्यांना सापडल्या. डोकं एका ठराविक दिशेला असलं की ही पेशी बोलते, मग तुम्ही खोलीत कुठेही असा. होकायंत्रच म्हणा, फक्त ह्याला पृथ्वीच्या चुंबकाशी देणंघेणं नाही, हे कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या नळ्यांवर आणि डोळ्यांना दिसणाऱ्या ओळखीच्या खुणांवर चालतं. आणि ह्या सगळ्या पेशी एकमेकींना बांधलेल्या असतात. खोलीतली मोठी खूण गुपचूप ९० अंशांनी फिरवली की एक पेशी फिरते असं नाही, सगळीच्या सगळी जुळणी तेवढ्याच अंशांनी फिरते.

हे वाचलं तेव्हा मला एकदम आपल्या 'दिशा फिरल्या' ह्या शब्दांचा अर्थ लागला. जमिनीखालच्या पार्किंगमधून किंवा मेट्रो स्टेशनच्या जिन्यावरून वर आलो, दोनतीन वळणं झाली, आणि बाहेर बघतो तर रस्ता ओळखीचाच आहे पण सगळं उलटं वाटतंय. जे उजवीकडे असायला हवं ते डावीकडे. डोळ्यांनी दुकानाच्या पाट्या वाचता येतायत, डोक्याला पटत नाहीये. आणि मग क्षणभरात काहीतरी खटकन फिरतं आणि सगळं जग जागेवर बसतं. थोडंथोडं नाही बसत, एकदम बसतं. खाली खुणा नव्हत्या म्हणून होकायंत्र नुसत्या कानाच्या हिशोबावर चाललं आणि चुकत गेलं, वर आल्यावर ओळखीची खूण दिसली आणि सगळ्या पेशी एकदम फिरल्या, असं त्याचं स्पष्टीकरण मला तरी पटतं.

आता सगळ्यात सुंदर भाग. नॉर्वेत ट्रॉन्डहाइमला माय-ब्रिट मोझर आणि एडवर्ड मोझर ह्यांची प्रयोगशाळा होती, त्यांना प्रश्न पडला की जागेच्या पेशींना माहिती येते कुठून. म्हणून ते एक पायरी मागे गेले, हिप्पोकॅम्पसच्या दारातच असलेल्या एन्टोरायनल कॉर्टेक्समध्ये. तिथल्या पेशी एका जागी नाही तर अनेक जागी बोलत होत्या. सुरुवातीला काही अर्थ लागेना, पण उंदराला मोठ्या मोकळ्या जागेत फिरू दिलं आणि पेशी जिथे जिथे बोलली तिथे तिथे ठिपका काढत गेलं तर ठिपक्यांची रांगोळी तयार झाली. समान अंतरावरचे ठिपके, कुठल्याही ठिपक्याभोवती सहा ठिपके, मधमाशांच्या पोळ्यासारखी मांडणी. जमिनीवर असं काहीही आखलेलं नव्हतं, उंदीर आपला दाण्यांमागे वाकडातिकडा पळत होता, आणि त्याच्या डोक्यातली एक पेशी जमिनीवर षटकोन आखत होती. ह्या ग्रिड सेल, म्हणजे जाळीच्या पेशी, साल २००५. काही पेशींची जाळी बारीक, काहींची मोठी, म्हणजे मोजपट्टीवर मिलिमीटर, सेंटीमीटर, मीटर अशा वेगवेगळ्या खुणा असाव्यात तसं. २०१४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल ओकीफ आणि मोझर दांपत्य ह्यांना मिळालं.

ही जाळी कशाला हवी? किती चाललो आणि कुठे वळलो ह्याची बेरीज सतत करत राहायची, म्हणजे सुरुवातीच्या जागेपासून आपण किती लांब आणि कुठल्या दिशेला आहोत ते कळतं, खुणा दिसत नसल्या तरी. बेरीज करायची शक्कल उंदराच्या आधीची आहे, मुंग्यांना पण येते. सहारा वाळवंटातली कॅटाग्लिफिस मुंगी खाणं शोधत वेडीवाकडी फिरते आणि सापडलं की सरळ रेषेत बिळाकडे येते. २००६ साली जाहीर झालेल्या एका प्रयोगात संशोधकांनी खाण्यापर्यंत पोचलेल्या काही मुंग्यांच्या पायांना डुकराच्या राठ केसांचे तुकडे चिकटवून पाय उंच केले, आणि काहींचे पाय आखूड केले. परत जाताना उंच पायवाल्या मुंग्या बिळाच्या पुढे निघून जाऊन तिथे बीळ शोधायला लागल्या, आखूड पायवाल्या अलीकडेच थांबल्या. पावलांची संख्या बरोबर होती, पाऊल मात्र बदललं होतं! मुंगीच्या डोक्यात ग्रिड सेल आहेत असं मी म्हणत नाहीये, तिचा मेंदू अगदीच वेगळा, पण हिशोब तोच.

अशा बेरजेची अडचण अशी की प्रत्येक पावलाला थोडी चूक होते आणि चूक साठत जाते. उंदरांमध्ये असं दिसलंय की भिंतीपासून लांब बराच वेळ फिरल्यावर ग्रिड सेलचे ठिपके सरकायला लागतात आणि उंदीर भिंतीला लागला की परत जागेवर येतात. भिंत किंवा कडा जवळ आली की बोलणाऱ्या पेशीही वेगळ्या आहेत, त्याच बहुतेक ही दुरुस्ती करत असाव्यात. आता परत रात्रीच्या पाण्याकडे या. पलंग ते चौकट ही पावलांची बेरीज, चौकट हाताला लागली ही दुरुस्ती, आणि तिथून बटण लांब नाही म्हणून चूक साठायला वेळच नाही. चौकटीला हात न लावता करून बघा एकदा, बटण किती लांब राहतं ते.

बरं, आता आठवणी. १९५३ मध्ये अमेरिकेतल्या हार्टफर्डमध्ये २७ वर्षांच्या एका तरुणावर ऑपरेशन झालं, फेफऱ्याचा त्रास फार होता म्हणून दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढून टाकला. पुढे अनेक वर्षं तो फक्त एच.एम. म्हणून ओळखला गेला, २००८ मध्ये तो गेल्यावर हेन्री मोलेसन हे नाव जाहीर झालं. फेफरं कमी झालं, पण नवीन आठवण बनणं थांबलं. बोलणं शाबूत, बुद्धी शाबूत, लहानपणीचं पुष्कळसं आठवायचं, पण ब्रेंडा मिल्नर ह्या मानसशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं त्याला तपासत होत्या आणि प्रत्येक भेटीत त्या त्याच्यासाठी नव्याच असायच्या. आणि तरी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली तर दिवसेंदिवस त्याचा हात सुधारत गेला, आपण हे आधी केलंय हे त्याला दर वेळी माहीत नसताना. म्हणजे हाताची सवय वेगळीकडे साठते आणि 'काल मी तिथे होतो, हे झालं' ही आठवण हिप्पोकॅम्पसमध्ये बनते. एक गोष्ट मात्र मला फार विचारात पाडते. ऑपरेशननंतर तो ज्या नव्या घरात राहायला गेला त्या घराच्या खोल्यांचा आराखडा तो काढून दाखवू शकला. वर्षानुवर्षं रोज त्याच खोल्यांमधून फिरून, मेंदूचा जो काही आजूबाजूचा भाग उरला होता त्याने तेवढं शिकून घेतलं असावं. म्हणजे 'नकाशा म्हणजे फक्त हिप्पोकॅम्पस' असं सोपं करून सांगता येत नाही.

तर एका बाजूला उंदराचा हिप्पोकॅम्पस म्हणतोय मी जागा सांगतो, दुसऱ्या बाजूला माणसाचा म्हणतोय मी आठवण बनवतो, आणि बराच काळ हे दोन वेगळे कळप होते. पण जरा स्वतःवरच करून बघा ना, लहानपणीच्या घराला खिडक्या किती होत्या ते मोजा. बहुतेकांना आकडा असा पाठ नसतो, ते मनातल्या मनात दारातून आत शिरतात, एकेका खोलीत जातात आणि मोजतात. आणि मोजता मोजता खिडकीत कोण बसायचं तेही आठवतं, विचारलेलं नसताना. कुठलीही घडलेली गोष्ट आठवा, ती कुठेतरी घडलेली असते. 'कुठे' हे त्या आठवणीचं खुंटीसारखं काम करतं, बाकीचं सगळं त्याला अडकवलेलं. मघाशी म्हटलं ना, प्रत्येक खोलीला पेशींची वेगळी जुळणी, तर हीच सोय आठवणींनाही लागते, एकासारख्या एक असलेल्या दोन प्रसंगांची सरमिसळ होऊ न देण्याची. पाठांतराची जुनी युक्ती, यादीतली एकेक वस्तू ओळखीच्या घरात एकेका जागी ठेवत जायची आणि मग मनाने घरातून फेरी मारायची, ती चालते ती ह्याच जोरावर. २०१७ मधल्या एका अभ्यासात साध्या माणसांनी सहा आठवडे ही युक्ती रोज केली, तेव्हा ७२ शब्दांपैकी आधी सरासरी २६ आठवायचे ते ६२ वर गेले.

आणि झोपेतही हे चालू असतं. १९९४ मध्ये मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅकनॉटन ह्यांनी दाखवलं की दिवसा ज्या जागेच्या पेशी एकत्र बोलल्या त्या उंदीर झोपल्यावर परत एकत्र बोलतात. नंतर कळलं की वाटेवरचा तोच क्रम असतो, फक्त कितीतरी पट वेगाने, काही सेकंदांचा रस्ता सेकंदाच्या छोट्याशा भागात. जागेपणी उंदीर थांबला की कधी तो क्रम उलटा चालतो, आत्ता जिथून आलो तिथपर्यंत मागे, तर कधी जिथे जायचंय तिथपर्यंतचा रस्ता निघायच्या आधीच वाजतो. नाक्यावर आपण क्षणभर थांबतो आणि दोन्ही रस्ते मनात जाऊन येतो, ते साधारण असंच.

मग हे वापरून वाढतं का? लंडनमध्ये टॅक्सीचं लायसन्स मिळवायला शहराच्या मधल्या भागातले साधारण २५,००० रस्ते डोक्यात लागतात, तयारीला तीनचार वर्षं जातात. एलिनॉर मॅग्वायर ह्यांनी २००० मध्ये दाखवलं की ह्या चालकांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो. लगेच शंका येते की मुळात तसा मेंदू असलेलेच टॅक्सीत येत असतील, म्हणून पुढे शिकाऊ लोकांना आधी आणि नंतर तपासलं, २०११ मध्ये निकाल आला, परीक्षा पास झालेल्यांमध्ये वाढ दिसली, नापास झालेल्यांमध्ये नाही. ठरलेल्या मार्गावर गाडी चालवणाऱ्या बसचालकांमध्ये पण तशी वाढ नव्हती. आणि हे फुकट मिळत नाही, टॅक्सीचालकांचा हिप्पोकॅम्पसचा पुढचा भाग लहान होता आणि काही नवीन आकृत्या लक्षात ठेवायच्या चाचण्यांत ते मागे पडले.

बसचालकांवरून मुद्दा येतो तो पायाखालच्या वाटेचा. रोजचा रस्ता काही दिवसांनी नकाशातून निघून सवयीत जातो, मेंदूच्या दुसऱ्याच भागात, कॉडेट नावाच्या. १९९६ च्या एका उंदरांवरच्या प्रयोगात हे स्वच्छ दिसलं, सुरुवातीचे दिवस उंदीर जागा लक्षात ठेवून वळत होते, आणखी आठवडाभर सराव झाल्यावर तेच उंदीर नुसतं 'इथे उजवीकडे' म्हणून वळायला लागले, मग उलट्या बाजूने आत सोडलं तरी उजवीकडेच, आणि चुकीच्या जागी. सुट्टीच्या दिवशी भलतीकडे जायला निघतो आणि गाडी आपोआप ऑफिसच्या रस्त्याला लागते, ते हेच.

फोनमधला आवाज 'दोनशे मीटरवर डावीकडे' म्हणतो तेव्हा आपण ह्याच्याही खाली उतरतो, कारण सवय पण आपली नसते. लंडनच्या सोहो भागातल्या रस्त्यांवर केलेल्या २०१७ च्या अभ्यासात लोकांना त्या रस्त्यांचं चित्रीकरण दाखवलं. स्वतः रस्ता शोधत होते तेव्हा नव्या गल्लीत शिरताना हिप्पोकॅम्पस उसळत होता, जितके पुढे फाटे जास्त तितका जास्त, आणि सूचना ऐकून जात होते तेव्हा तो शांत होता. मी स्वतः फोन सोडलेला नाही आणि सोडणार पण नाही, पण आता नकाशात उत्तर दिशा कायम वर ठेवतो आणि निघायच्या आधी एकदा पूर्ण रस्ता बघून घेतो. आधीपेक्षा जास्त लक्षात राहतं हा माझा अनुभव.

ह्याच पेशी जागेशिवाय आणखीही काही मोजतात असं दिसतंय. ऑक्सफर्डमध्ये २०१६ मध्ये लोकांना पक्ष्यांची चित्रं दाखवली, मान लांब-आखूड होणारी आणि पाय लांब-आखूड होणारे, आणि ह्या मान-पायाच्या काल्पनिक जागेत लोक मनाने फिरत असताना त्यांच्या मेंदूत तीच सहा दिशांची ग्रिडची खूण मिळाली. चालणं नाही, जमीन नाही, नुसत्या कल्पना. आपण 'लांबचा नातेवाईक' म्हणतो, 'मुद्द्यापासून भरकटला' म्हणतो, तेव्हा भाषा बहुतेक खरं तेच सांगत असते.

आणि म्हणूनच अल्झायमरची सुरुवात जिथे होते ते बघून मला वाईटही वाटतं आणि सगळं जुळतंही. ह्या आजारात पेशींमध्ये होणाऱ्या प्रथिनांच्या गाठी कॉर्टेक्समध्ये, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरात, सगळ्यात आधी दिसतात त्या एन्टोरायनल भागात, म्हणजे ग्रिड सेलच्या घरातच. घरातलं वयस्कर माणूस नावं विसरायला लागलं की आपण वयावर ढकलतो, पण चाळीस वर्षांच्या ओळखीच्या रस्त्यावर ते गोंधळून उभं राहिलं तर ती वेगळी गोष्ट आहे, तेव्हा डॉक्टरांकडे जायला उशीर करू नये. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ह्याचीच चाचणी करून बघितली. डोळ्यांवर व्हीआरचा, म्हणजे आभासी जग दाखवणारा चष्मा, मोकळं मैदान, चालत एका खुणेपर्यंत जायचं, ती नाहीशी होते, मग दुसरीपर्यंत, मग तिसरीपर्यंत, आणि मग सांगतात आता पहिली होती तिथे परत जा. ज्यांच्या विस्मरणामागे अल्झायमर असल्याचं तपासणीत दिसलं होतं ते ह्याच्यात इतके चुकले की नेहमीच्या कागदी चाचण्यांपेक्षा ह्या चाचणीने त्यांना जास्त नीट ओळखलं. चौकट नाही, भिंत नाही, फक्त आपण टाकलेल्या पावलांची बेरीज, आणि परत पहिल्या जागी येऊन उभं राहायचं.